चूल नवी, पीठ तेच



गटाची बैठक संपली की आपण फोन उघडतो. हप्ता जमा झाला का ते बघतो, लेकीला फोटो पाठवतो. तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या आत ‘लिनक्स’ नावाचा गाभा काम करत असतो. मेमरी, बॅटरी, पडदा, कॅमेरा यांत कुणाला काय, किती आणि कधी द्यायचं, हे तो बघतो. घरातली कारभारीणच म्हणा ना! पण हा गाभा फोनसाठी लिहिलेलाच नव्हता. तो इथवर कसा आला, ते आज ऐकूया.

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने घरच्या संगणकासाठी हा गाभा लिहायला घेतला. त्या संगणकात इंटेल कंपनीची ३८६ चिप होती. दुसऱ्या जातीच्या संगणकावर हे काम नेता येणार नाही, असं त्याने तेव्हा स्वतःच जाहीर केलं होतं.

असं का? भाकरीचंच बघा. पीठ मळणं, थापणं सगळीकडे सारखंच. जाळ सांभाळायची रीत मात्र वेगळी. चुलीत लाकूड पुढंमागं सारायचं, गॅसवर बटण फिरवायचं. चिपचंही तसंच. प्रत्येक जातीच्या चिपचे हुकूम वेगळे, मेमरी वाटायची रीत वेगळी. लिनसच्या कामात पीठ आणि जाळ एकत्रच मिसळले होते.

पण त्याने आपलं काम सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. कुणीही वाचावं, बदलावं, पुढं वाटावं. काहींनी वेगळी प्रत करून ते मोटोरोलाच्या चिपवर चालवूनही दाखवलं. मग १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल कंपनीतले जॉन हॉल लिनसला भेटले. त्यांनी कंपनीकडून त्याला ‘अल्फा’ चिपचा संगणक वापरायला मिळवून दिला. ३८६ चिप ३२ बिटांची, अल्फा ६४ बिटांची. जुने हिशेब तिथं जसेच्या तसे चालेनात.

लिनसने नव्या चिपसाठी वेगळी प्रत केली नाही. त्याने निवडानिवड केली. सगळ्या चिपना सारखं लागणारं काम एकीकडे ठेवलं आणि प्रत्येक चिपचं खास काम तिच्या वेगळ्या कप्प्यात घातलं. आता नवी चिप आली, तर मुख्यतः तिचा कप्पा लिहायचा. मार्च १९९४ मधली १.० आवृत्ती एकाच जातीच्या चिपवर चालत होती. वर्षभराने आलेल्या १.२ आवृत्तीत अल्फा, मिप्स आणि स्पार्क या चिपनाही जागा मिळाली.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये रसेल किंग यांनी लिनक्स ‘आर्म’ चिपवर आणायला घेतला. ही चिप वीज फार कमी खाते. म्हणूनच पुढं ती मोबाइलमध्ये आली. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला, तेव्हा आत चिप आर्म जातीची होती आणि गाभा लिनक्सचा.

अल्फा चिप आता बनत नाही. पण तिच्या निमित्ताने झालेली निवडानिवड आजही उपयोगी पडते. ‘जमणार नाही’ म्हणणाऱ्यानेच चार वर्षांत ते जमवलं. त्याला संगणक मिळवून देणारं माणूस भेटलं, आणि काम खुलं होतं म्हणून हात लावणारेही पुष्कळ मिळाले. एकट्याने जमत नाही ते गटाने जमतं, हे आपल्याला काय नवीन आहे?

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.