ओसीटी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या विकारात झालेली चेतातंतूंची झीज डोळ्याच्या पडद्याचे थर मोजून ओळखण्याची पद्धत. ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, हे तंत्र 1991 मध्ये अमेरिकेत डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोतो व सहकाऱ्यांनी मांडले.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता यांतील तंतूंच्या मायलिन या आवरणावरच उलटते. पडद्यातल्या तंतूंना हे आवरण नसतेच. त्यामुळे तिथला थर पातळ झाला तर खुद्द तंतूच गेले, असे समजता येते. या तपासणीचे सारे महत्त्व इथे आहे. रुग्ण यंत्रावर हनुवटी टेकवून खुणेकडे बघतो, काही सेकंदांत काम होते.

दृष्टिचेतेभोवतीचा तंतूंचा थर निरोगी प्रौढात साधारण 90 ते 100 मायक्रॉन असतो. दृष्टिचेतेला दाह झाला की तो आधी सुजतो, झीज उघडी पडायला तीन ते सहा महिने लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबू नये. पडद्यातल्याच गँग्लियॉन पेशींचा थर असा फसवत नाही. दोन डोळ्यांतला चार-सहा मायक्रॉनचा फरकही बोलका असतो. एमएस ओळखण्याच्या 2024 च्या सुधारित मॅकडोनल्ड निकषांनी दृष्टिचेतेला निदानात स्वतंत्र स्थान दिले आहे.

एमएस हा गोऱ्यांचा आजार, हा समज जुना. तो भारतातही आढळतो; मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी इथल्या पारशी समाजातल्या रुग्णांवर केलेला अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. पण निदानाची सोय सगळीकडे नाही. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातल्या धाराशिव जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2022 मध्ये सुरू झाले, तरी मेंदूविकारासाठी वाट सोलापूर-पुण्याचीच. डोळा हलवला की दुखतो, लाल रंग फिका दिसतो, अशी तक्रार घेऊन तरुण रुग्ण पहिल्यांदा जातो तो नेत्रतज्ज्ञाकडे. तिथे ओसीटी असलेच तर ते बहुधा शुगर आणि काचबिंदूच्या रुग्णांसाठी घेतलेले. पंचाईत अशी, की याच दोन आजारांतही हे थर पातळ होतात, आणि चष्म्याचा मोठा मायनस नंबरही रिपोर्टवर लाल पट्टा उमटवतो. म्हणून एकट्या ओसीटीवरून निदान होत नाही. एमआरआय आणि रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी लागते. कारण न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या जवळच्या विकारात झीज सहसा अधिक असते, आणि एमएसवरचे इंटरफेरॉन हे औषध त्यात अपाय करू शकते.