दाराच्या आतला लाल रंग

बीड शहराला रेल्वे मिळाली ती 17 सप्टेंबर 2025 ला. तोवर आमच्याकडे जे आलं आणि जे गेलं, ते सगळं रस्त्यानं. त्यामुळे या जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास कुठं शोधायचा, असं मला कुणी विचारलं तर मी सोलापूर-धुळे रस्त्यावरचे जुने पेट्रोल पंप दाखवीन. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्यानं 1932 साली 27 गाड्यांवर बससेवा सुरू केली, तेव्हापासून मोटार हेच मराठवाड्याचं चाक. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या गाड्या डिझेल भरून घाटाखाली उतरतात, त्याही याच रस्त्यानं.

मी पेंटर. ट्रकच्या केबिनी रंगवण्यात माझी हयात गेली. पण जीव लावून करतो ते काम म्हणजे जुनी पंप-यंत्रं. एका पंपमालकाच्या नातवानं शेडमागं पडलेलं यंत्र माझ्याकडं आणलं आणि म्हणाला, "काका, एकदम चकाचक करून द्या, बंगल्यासमोर उभं करायचंय." मी त्याला आधी यंत्राचं मागचं दार उघडून दाखवलं. बाहेरून निळा-पिवळा रंग, तोही पोपडे धरलेला. दाराच्या आतल्या अंगाला मात्र लख्ख लाल. तिथं ऊन पोचलं नव्हतं आणि नंतरच्या कुणा रंगाऱ्याचा ब्रशही.

तो लाल बर्मा-शेलचा. 1928 साली दोन तेल कंपन्यांनी हिंदुस्थानातल्या विक्रीसाठी हात मिळवले आणि शिंपल्याच्या खुणेचे लाल-पिवळे पंप देशभर उभे राहिले. स्टँडर्ड व्हॅक्युम, म्हणजे पुढची एस्सो, आणि चांदणीवाली कॅलटेक्स हे त्यांचे स्पर्धक. 1974 मध्ये एस्सो सरकारकडं आली आणि हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. 24 जानेवारी 1976 ला बर्मा-शेल सरकारनं घेतली, आणि 1 ऑगस्ट 1977 पासून तिचं नाव भारत पेट्रोलियम. संसदेत कायदा झाला, राजपत्रात छापून आलं. आमच्याकडं ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आलं. जागेवर उभ्या यंत्रावर, धूळ पुसली न पुसली तोच, लालवर निळा चढला. ब्रशचे ओघळ आजही बोटाला लागतात.

वय ओळखायला तबकडी कामी येते. या यंत्राची तबकडी गॅलनची आहे, एक गॅलन म्हणजे साधारण साडेचार लिटर. वजन-मापांचा नवा कायदा 1956 चा, त्यानंतर लिटर रुळला. म्हणजे यंत्र त्या बदलाच्या आधीचं. अशा यंत्रांचा मूळपुरुष अमेरिकेतल्या फोर्ट वेनचा सिल्व्हेनस बाउझर. त्यानं 1885 साली दुकानदारासाठी पंप बनवला तो रॉकेलचा. मोटारी तेव्हा रस्त्यावर यायच्याच होत्या.

आता कामाचं सांगतो, कारण इथंच लोक यंत्राचा इतिहास पुसून टाकतात. बहुतेक गॅरेजांत पेंट रिमूव्हर ओततात, पत्र्यापर्यंत सगळं खरवडतात, लांबी भरतात आणि गनने नवा चकचकीत लाल मारतात. दिसायला ते देखणं दिसतं. माझ्या लेखी ती जुन्या सांगाड्यावरची नवी वस्तू.

मी आधी बिजागरीजवळ रुपयाएवढी खिडकी काढतो. पाणी पेपर ओला करून गोल गोल घासायचं, मधोमध पत्रा दिसेपर्यंत. कडेला एकात एक कडी उमटतात: निळा, त्याखाली पिवळा, मग लाल, मग शेंदरी रंगाचं अस्तर, मग लोखंड. कुठला थर ठेवायचा ते या खिडकीवरून ठरतं. जुन्या शेंदरी अस्तरात आणि पिवळ्यात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. तोंडाला मास्क, आणि घासलेला चिखल फडक्यात गोळा करायचा, गटारीत सोडायचा नाही. ब्लोलॅम्प तर जवळही आणायचा नाही. टाकी, नळ्या वर्षानुवर्षं रिकाम्या असल्या तरी वाफ धरून असतात.

यंत्राचा मूळ रंग कारखान्यात भट्टीत भाजलेला, म्हणून कडक. वरचा निळा तुळतुळीत पृष्ठभागावर न घासता मारलेला, म्हणून त्याची पकड कच्ची. प्लॅस्टिकची पट्टी तिरपी धरून हलक्या हातानं सरकवली की तो कपच्यांनी निघतो. जिथं चिकटून बसलाय तिथं बारीक पेपर आणि वेळ. खाली लाल उघडा पडतो तेव्हा पांढुरका, खडूसारखा दिसतो. घाबरायचं नाही. मेलेला असतो तो वरचा पापुद्रा. कंपाउंड मारलं की त्याखालचा रंग उजळतो, आणि मग मेणाचं पॉलिश. जिथं पत्रा उघडा आहे तेवढ्याच जागी रेड ऑक्साइड आणि हातानं जुळवलेली शेड. शेड जुळवायची ती सकाळच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली कधीच नाही. एनॅमलच्या पाटीला तर मी ब्रशच लावत नाही. ती पत्र्यावर वितळवून बसवलेली काच आहे. टवका उडाला तर उडालेलाच राहू द्यावा, साबणाच्या पाण्यानं धुवावी, बस्स.

नातवाशी माझा वाद झाला तो डाव्या बाजूवरून. पुढून आणि उजवीकडून लाल-पिवळा काढला, पण डाव्या बाजूचा निळा मी तसाच ठेवला. त्याला ते अर्धवट वाटलं. मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी पंप चालवला तो दोन्ही रंगांत. एक पुसायचा अधिकार मला नाही अन् तुलाही नाही." त्यानं घरी फोन लावला. आजीनं फोनवर सांगितलं की निळा रंग लागला तेव्हा ती गल्ल्यावर बसायची. मग निळा राहिला.

ज्यांच्या शेडमागं असं यंत्र पडलंय त्यांना एवढंच सांगणं: भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मागचं दार उघडा, आणि नाव-पाटीचे स्क्रू सैल करून तिच्याखाली बघा. मूळ रंग तिथं हमखास सापडतो. ती पाटी मात्र काढून वेगळी ठेवू नका. दाराला पुन्हा घट्ट बसवा, कारण पाटी हरवली की बनावटीचा पत्ता हरवला.