गंधशास्त्राची मराठी टीका

पुण्यास गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मसाल्याच्या गाळ्यांवरून चालू लागले म्हणजे डोळ्यांच्या आधी नाकच वाट दाखवू लागते. मिरचीचा ठसका मागे पडला की हळदीचा मातकट वास येतो, आणि त्यापुढे तमालपत्र, दालचिनी व दगडफूल यांची पोती लागतात. दगडफूल दिसावयास अगदी सामान्य. काळपट, वाळलेले, जणू खडकावरून खरवडून काढलेले. परंतु थोडेसे तेलावर परतले, की ओल्या लाकडाचा व पावसाळी रानाचा गंध घरभर पसरतो. आमच्या गोड्या मसाल्याचे ते एक आवश्यक अंग आहे. हेच दगडफूल एके काळी अंगास लावण्याच्या सुगंधाचे द्रव्य होते, असे कोणी सांगितल्यास पुष्कळ गृहिणींस हसू येईल. तथापि ती गोष्ट खरी आहे, आणि तिचा विचार करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इसवी सनाच्या सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहिता रचली. तीत गंधयुक्तीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात सोळा द्रव्यांचे सोळा घरांचे कोष्टक दिले असून प्रत्येक द्रव्याचे भाग सांगितले आहेत. पहिल्या ओळीत अगरू २, पत्र ३, तुरुष्क ५ व शैलेय ८. पत्र म्हणजे आपले तमालपत्र आणि शैलेय म्हणजे आपले दगडफूल. पुढील ओळींत मुस्ता म्हणजे नागरमोथा, त्वच म्हणजे दालचिनी, मांसी म्हणजे जटामांसी आणि मलय म्हणजे चंदन ही द्रव्ये येतात. या कोष्टकाची मौज अशी, की आडव्या, उभ्या अथवा कर्णावरच्या कोणत्याही चार घरांतील भागांची बेरीज अठराच भरते. सोळांतून चार द्रव्ये निवडण्याचे प्रकार १,८२० होतात. त्यांस एक, दोन, तीन व चार असे भाग आलटून पालटून दिले, तर ही संख्या ४३,६८० वर जाते. गंध ही केवळ चैनीची वस्तू नसून ती हिशेबात बसणारी विद्या आहे, अशी त्या काळच्या पंडितांची धारणा होती, हे यावरून उघड होते.

या कोष्टकात फुले जवळजवळ नाहीत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. लाकूड, मूळ, साल, पान आणि डिंक यांचाच हा मेळ आहे. फुलाचा गंध मोहक खरा. पण तो लवकर उडून जातो. चंदन, नागरमोथा अथवा वाळा यांच्या तेलांतील सुगंधी घटकांचे रेणू मोठे व जड असतात. ते सावकाश उडतात, म्हणून अंगावर तासन् तास राहतात. आजचे गंधकारही अत्तराच्या रचनेत आधी उडणारा, मग रेंगाळणारा व शेवटी उरणारा असे तीन थर मानतात, आणि तिसऱ्या थरास बहुधा लाकडाचाच आधार देतात.

वराहमिहिरानंतर सुमारे सहाशे वर्षांनी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास हा ग्रंथ रचविला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख ज्यात सापडतो तोच हा ग्रंथ. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन व धूप यांस स्वतंत्र स्थान असून ऋतुपरत्वे निराळी विलेपने सांगितली आहेत. कोणता गंध चांगला, एवढाच प्रश्न तेथे नाही. तो केव्हा व कोणत्या हवेत अंगावर शोभेल, हाही आहे. उन्हाळ्यात चंदन व थंडीत अगरू हा भेद कालिदासाच्या ऋतुसंहारातही दिसतो. वैशाखात जड, उष्ण गंध लावून फिरणाऱ्यास आपण स्वतःच कंटाळतो, हा अनुभव आजही कोणास घेता येईल.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी १९४५ च्या सुमारास गंगाधराचा गंधसार व अज्ञात लेखकाचा गंधवाद हे दोन ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणून दिले. दोन्ही ग्रंथ एकाच हस्तलिखितात राहिले होते. गंधसारात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन या क्रिया सांगितल्या आहेत. गंधवादास मात्र मराठी टीका जोडलेली आहे. पुढे १९८९ मध्ये बडोद्याहून हे ग्रंथ छापून प्रसिद्ध झाले.

ही मराठी टीका आम्हांस फार महत्त्वाची वाटते. काव्यावर किंवा वेदान्तावर मराठी टीका होणे नवल नव्हे; परंतु सुगंध कसा करावा, हे मराठीत समजावून सांगण्याची गरज कोणास पडावी? केवळ पोथी वाचणाऱ्या पंडितास संस्कृत पुरेसे होते. ज्याला वस्तू बाजारातून आणावयाची, कुटावयाची, भिजवावयाची व धुपवावयाची होती, त्यालाच ती आपल्या बोलीत हवी होती. तेव्हा ही विद्या राजवाड्याबाहेर, मराठी बोलणाऱ्या कारागिरांच्या हातांत होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

मग ती गेली कोठे? आमचे मत असे, की ती नाहीशी झाली नाही. तिची वाटणी झाली. दगडफूल, तमालपत्र व दालचिनी स्वयंपाकघरात गेली. चंदन, अष्टगंध, अबीर व बुक्का देवघरात आणि पंढरीच्या वाटेवर गेली. नागरमोथा, वाळा व कचोरा दिवाळीच्या उटण्यात राहिली. वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे, आपण सारे नकळत गंधयुक्तीचे शिष्य होतो. आणि तो लाकडी, किंचित कडवट गंध दुपारपर्यंत मनगटावर दरवळत राहतो.

यावर कोणी म्हणेल, की या विद्येचा खरा वारस अत्तर होय. हळदीकुंकवास व लग्नकार्यास अत्तरदाणी फिरतेच. हे म्हणणे अंशतः खरे आहे. परंतु कनोजच्या पद्धतीत तांब्याच्या देगेतून निघालेली फुलांची वाफ भपक्यातील चंदनतेलातच उतरविली जाते. म्हणजे गुलाब व मोगरा यांसही पाया चंदनाचाच. हा पाया आता ढासळत आहे. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये म्हैसूर राज्यात चंदन हा राजवृक्ष ठरविला. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची लाकडे जर्मनीस जाणे बंद पडले, तेव्हा १९१६ मध्ये बंगलोरला तेल काढण्याचा सरकारी कारखाना निघाला. पुढे अतितोड, चोरटी तोड व रोग यांनी झाडे विरळ झाली, तेल महागले, आणि अनेक अत्तरांत चंदनतेलाची जागा द्रव पॅराफिनने घेतली. त्यास स्वतःचा गंध नाही. बाटली उघडताच गुलाब दरवळतो. पण तो उडून गेल्यावर मागे उरावयास लाकडाचा गंध नसतो.

चंदनाच्या झाडास सुगंधी गाभा भरावयास अनेक वर्षे लागतात; ते आपण एका पिढीत परत आणू, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु नागरमोथा शेताच्या बांधावरही उगवतो, वाळा लावता येतो, आणि दगडफूल तर मार्केट यार्डाच्या पोत्यात आहेच. वराहमिहिराचे कोष्टक आपल्यापाशी आहे, मराठी टीका छापलेली आहे. हे हस्तलिखित वाळवीच्या तोंडी पडले असते, तर आपल्याच भाषेत ही विद्या कधी बोलत होती, याची खूणही उरली नसती. कोणी जिज्ञासू हे ग्रंथ व ही द्रव्ये समोर घेऊन, खलबत्ता हाती धरून बसेल, तर गोडे यांच्या श्रमांचे चीज होईल.