चाळिशी कधी बदलावी?

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालाचा सडा पडतो. सासनकाठ्या, माणसे, पायऱ्या, सारे एकाच रंगाचे होऊन जाते. अशा यात्रांतून आणि आठवडी बाजारांतून तयार चष्म्यांची पथारी मांडलेली आपण पाहिली असेल. गिऱ्हाईक पुढे आले की विक्रेता विचारतो, "वय काय झालं, मामा?" पन्नाशीचे उत्तर आले की तो पन्नाशीचा चष्मा हातात देतो. मामा एखाद्या कागदावरचे बारीक अक्षर वाचून पाहतात आणि पैसे मोजतात. शास्त्र शिकलेल्यांना याचे हसू येते. पण वय विचारून चष्मा देण्याची ही रीत पाचशे वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यात बरेच तथ्यही आहे. ते तथ्य कोठवर पुरते, एवढाच खरा प्रश्न आहे.

चष्मा इटलीत १२८६ च्या सुमारास तयार झाला. सुरुवातीची भिंगे बहिर्गोल, म्हणजे उतारवयात वाचण्यासाठीच होती. पुढे फ्लॉरेन्स हे या धंद्याचे मोठे केंद्र बनले. १४६६ साली मिलानच्या ड्यूकने तेथून चष्मे मागवले, ते वयाच्या पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनुसार: तिशीपासून सत्तरीपर्यंत. १६२३ मध्ये स्पेनच्या दासा दे वाल्देस याने चष्म्यांवर ग्रंथ लिहिला, त्यातही वयावरून भिंग निवडण्याचे मार्गदर्शन आहे. चष्मा जुना झाला की बदलावा, असे यांपैकी कोणी म्हणत नव्हते. माणूस पाच वर्षांनी मोठा झाला की बदलावा, असा त्यांचा हिशेब होता.

आपल्याकडे चष्मा कधी आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात घेतला. विजयनगरचे राजगुरू व्यासतीर्थ यांच्या सोमनाथ कवीने लिहिलेल्या संस्कृत चरित्राकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यात १५२० च्या सुमारास व्यासतीर्थ 'उपलोचनगोलक' लावून पोथी वाचत असल्याचा उल्लेख येतो. पोर्तुगीजांनी गोवा १५१० साली घेतला होता, तेव्हा ही वस्तू कोणत्या वाटेने आली असावी याचा तर्क करता येतो. व्यासतीर्थ त्या वेळी साठीच्या आसपास होते, हे मला विशेष वाटते. मराठीने तर पुढे कमालच केली. चाळिसाव्या वर्षाची तक्रार ती चाळिशी, आणि तिच्यावरचा चष्मा तोही चाळिशीच! भाषेने वय, विकार आणि उपाय एकाच शब्दात बांधून टाकले.

हा शब्द एका बाबतीत मात्र फसवतो. इंग्लंडच्या थॉमस यंगने १८०१ मध्ये दाखवले की जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाचाच आकार बदलतो. त्यासाठी त्याने स्वतःचा डोळा पाण्यात ठेवून पारपटलाचा परिणाम पुसून टाकला होता, तरीही जवळचे पाहण्याची क्षमता शिल्लक राहिली. ही क्षमता वयाबरोबर कशी घटते, ते हॉलंडच्या दोंडर्सने १८६४ च्या ग्रंथात मांडले. त्याच्या मोजमापांना आजच्या एककात बसवले तर दहाव्या वर्षी ती सुमारे १४ डायॉप्टर, तिसाव्या वर्षी ७, चाळिसाव्या वर्षी साडेचार आणि साठाव्या वर्षी जेमतेम १ भरते. अंतरात सांगायचे, तर दहा वर्षांच्या मुलाला ७ सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते, चाळीस वर्षांच्या माणसाला २२ सेंटिमीटरवरचे. म्हणजे घसरण बालपणापासूनच चालू असते. भिंगावर जन्मभर नवे थर चढतात आणि ते कडक होत जाते. चाळिशीनंतर ही घसरण पुस्तक धरण्याच्या अंतराशी येऊन टेकते, म्हणून ती आपल्याला तेव्हा कळते.

यावरून चष्मा बदलण्याचे वेळापत्रक निघते. वाचण्याचा क्रमांक सुमारे अधिक १ पासून सुरू होऊन साठीपर्यंत अधिक अडीचच्या घरात जातो. मधल्या वीस वर्षांत दर दोन-तीन वर्षांनी तो थोडा चढणारच. वही पुन्हा दूर धरावी लागली, दिव्याखाली सरकावे लागले की समजावे. नवा चष्मा लावल्याने क्रमांक वाढतो ही समजूत खरी नाही. न लावल्याने चाळिशी थांबतही नाही.

दोंडर्सने आणखी एक गोष्ट साधली. वयाची चाळिशी आणि डोळ्याची मूळ घडण त्याने वेगळी केली. डोळा लांबीला कमी असेल तर वाचण्याचा चष्मा लवकर लागतो. उलट उणे ३ क्रमांकाचा माणूस चष्मा काढून साठीतही पोथी वाचू शकतो. पथारीवाल्याचा हिशेब येथे चुकतो. शिवाय त्याच्या चष्म्यात दोन्ही डोळ्यांना एकच क्रमांक असतो. अशा चष्म्याने डोळा बिघडत नाही, पण तपासणी टळते, आणि काचबिंदूसारखा चोरपावलांनी येणारा रोग तसाच राहतो. मला खरा धोका तोच वाटतो.

साठीनंतर हिशेब उलटा होतो. जवळचे पाहण्याची क्षमता आता संपलेली असते, त्यामुळे क्रमांक स्थिर राहायला हवा. तरीही तो भराभर बदलत असेल, तर कारण दुसरे शोधावे. आजोबा एके दिवशी बिनचष्म्याने पेपर वाचू लागतात आणि घरात जोतिबाच्या नावाने नारळ फुटतो. बहुधा तो मोतीबिंदू असतो! डोळ्यातील भिंगाचा गाभा दाट होऊन त्याची शक्ती वाढते, जवळचे दिसते आणि दूरचे अंधूक होते. मधुमेहातही साखरेच्या चढउताराबरोबर क्रमांक हलतो. अशा वेळी आधी रक्त तपासावे, चष्म्याचे नंतर पाहावे.

क्रमांक तोच असूनही काच बदलावी लागते, ते तिच्या पदार्थामुळे. पूर्वी काच खरोखरच काचेची असे. १९४० मध्ये अमेरिकेत सीआर-३९ हे प्लास्टिक तयार झाले आणि १९४७ पासून त्याची भिंगे निघाली. वजन जवळजवळ निम्मे, पण पृष्ठभाग मऊ. रस्त्याच्या धुळीतले गारेचे कण त्याहून कितीतरी कठीण असतात. गुलाल आणि धूळ बसलेली भिंगे सदऱ्याच्या टोकाने कोरडी पुसली की चरे पडतात. आधी पाण्याने धुवावीत. रात्री घाटात समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसू लागले, तर क्षणभर चष्मा काढून पाहावे (गाडी स्वतः चालवत नसताना!). पसारा गेला तर दोष भिंगाचा, राहिला तर डोळा तपासून घ्यावा.

दोंडर्सची घसरण शाळेतही मोजता येते. ३० सेंटिमीटरची पट्टी गालाला टेकवावी, एक डोळा झाकावा आणि छापील शब्द पुसट होईपर्यंत जवळ आणावा. दूरचा चष्मा असल्यास तो लावलेला असावा. सहावीचा वर्ग, दहावीचा वर्ग आणि शिक्षकांची खोली, अशी तीन ठिकाणची मापे घेऊन वयासमोर आलेख काढावा. काही शिक्षकांना पट्टी अपुरी पडेल.