कुंडलची कवाईत

चित्रपटांत कडक शिक्षक आणि अजागळ शिकाऊ शिपाई यांची कवाईत पाहून आपण पोटभर हंसतों. परंतु अशा गड्यांच्या अंगीं शिस्त येते कशानें? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर कुंडल गांवानें दिलें आहे. कुंडल तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें. आतां तें सांगली जिल्ह्यांत आहे. १९४३ सालीं तेथें प्रतिसरकारची तुफान सेना उभी राहिली. शेतकऱ्यांचीं पोरें तिचे सैनिक. नायक रामचंद्र श्रीपती लाड. त्यांना ‘कॅप्टन’ ही पदवी कोणत्याहि लष्करानें दिलेली नव्हती. तरीहि ७ जून १९४३ रोजीं याच मंडळींनीं शेणोलीजवळ पगाराची सरकारी रक्कम नेणारी आगगाडी अडविली. हुकूम देणारा व पाळणारा एकाच शिवारांतले होते. तेथें धाकापेक्षां विश्वासच अधिक कामास आला, असें आम्हांस वाटतें.