मज्जारज्जूची इजा: घरी परतल्यानंतर शिकवणारे कोण?

शिर्डीच्या पंचक्रोशीत मणक्याला मार बसण्याची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. नगर-मनमाड रस्त्यावरची जड वाहतूक, ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा, आणि त्याखेरीज शेतातली विहीर, चिंचेचे झाड, उलटलेली उसाची ट्रॉली. जखमीला दाखल करण्याची सोय या भागात आहे. शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत, लोणीला प्रवरेचे मोठे रुग्णालय आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. टाके निघाले, डिस्चार्ज मिळाला, माणूस गाडीतून उचलून घरातल्या खाटेवर ठेवला गेला. आता या शरीराने जगायचे कसे, हे त्याला कोण शिकवणार?

मज्जारज्जूला इजा झाली की पाय गेले, एवढेच पाहणाऱ्याला दिसते. प्रत्यक्षात इजेच्या पातळीखालचा स्पर्श, लघवी-शौचावरचा ताबा, घाम, लैंगिक जीवन, सगळेच बदलते. दुखणे कळत नाही म्हणून माणूस एकाच अंगावर पडून राहतो आणि माकडहाडावरची कातडी काळी पडून जखम खोल जाते. मूत्राशय भरल्याची जाणीव नसते, तुंबलेली लघवी किडनीपर्यंत उलटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात असे बहुतेक जखमी बेडसोअर आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी स्वतंत्र कक्ष उघडला आणि ठरावीक तासांनी कूस बदलण्याची कडक शिस्त लावली. त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. एकाच प्रकारची इजा झालेली माणसे त्यांनी एका छताखाली आणली. जुना रुग्ण नव्याला पाहत होता, नवा जुन्याला. १९४८ मध्ये तिथे १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली, आणि पॅरालिम्पिकचा उगम तिथलाच.

समदुःखितांचा आधार म्हणजे धीराचे चार शब्द, अशी समजूत सर्वत्र आहे. ती अपुरी आहे. हा आधार मुख्यतः ज्ञानाचा आहे, आणि ते ज्ञान शरीराने कमावलेले असते. एक उदाहरण घ्या. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर इजा असलेल्या माणसाचे डोके अचानक ठणकू लागते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो. घरचे म्हणतात, पित्त झाले, झोपून राहा. दहा वर्षे व्हीलचेअरवर काढलेला माणूस फोनवर सांगतो, ‘आडवा करू नका, ताठ बसवा. आधी नळी बघा, कुठे पिळली असेल. पिशवी भरलीय का? कपडे सैल करा.’ रक्तदाब धोक्याच्या पातळीला गेलेला असतो आणि कारण असते मांडीखाली दबलेली लघवीची नळी. नळी सरळ करूनही डोके उतरले नाही, तर तो पुढचे वाक्यही सांगतो: लगेच दवाखाना गाठा. हे पुस्तकात लिहिलेले आहेच, पण रात्री दोन वाजता पुस्तक उघडायला कोणाला सुचते?

बाकीचे शिक्षणही असेच हातचे असते. हातआरसा धरून ढुंगणावरचा लालसर डाग रोज पाहायचा, बोटाने दाबायचा. दाब सोडल्यावरही लाली तशीच राहिली तर त्या दिवशी खुर्चीत बसायचे नाही. थोड्या-थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचे, हात कमजोर असतील तर पुढे वाकायचे. नळी दिवसातून किती वेळा घालायची, पाणी केव्हा प्यायचे, लग्नकार्याला जाताना शौचाची वेळ कशी बसवायची. डॉक्टरांशी हे बोलताना माणूस संकोचतो, समदुःखिताशी बोलताना नाही.

महाराष्ट्रात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जखमी जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. त्याही आधी, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान मुरलीकांत पेटकर पोहण्याच्या व्यायामातून सावरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले. जवानाच्या पाठीशी निवृत्तिवेतन आणि पलटण असते, शेतमजुराकडे दोन्ही नाही. म्हणून मला कोल्हापूरचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. नसीमा हुरजूक यांचे कमरेखालचे शरीर कोवळ्या वयात निकामी झाले. पुढे त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः पॅराप्लेजिक होते. या भेटीने नसीमा यांचे आयुष्य वळले, आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनातून ही वाट अनेक मराठी घरांत पोहोचली. एक अनुभवी माणूस वेळेवर भेटणे किती दूरवर जाऊ शकते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मात्र कोणीही व्हीलचेअरवरचा माणूस चालेल, असे नाही. मानेच्या इजेने हात गेलेल्याला कमरेच्या इजेवाल्याची युक्ती निरुपयोगी ठरते. बाईला बाईच हवी. शिवाय जुन्या माणसाच्या सवयीही कधी चुकीच्या असतात, म्हणून त्याला प्रशिक्षण आणि डॉक्टरांची साथ लागते. स्वीडनमध्ये १९७६ पासून अनुभवी व्हीलचेअरधारकच नव्या जखमींची शिबिरे घेतात, तेही तयारी करूनच. आणि एक वर्ग नेहमी सुटतो, तो घरातल्या बायकांचा. नवऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवणारी बाई स्वतःची पाठ कोणाला दाखवणार? तिलाही तिच्यासारखीच एखादी बाई बोलायला हवी.

शिर्डीत दानाची परंपरा मोठी आहे. दान म्हणून आलेली खुर्ची मात्र बहुधा सर्वांना एकाच मापाची असते, आणि संवेदना नसलेल्या माणसासाठी बिनगादीची खुर्ची जखमेचे कारण ठरते. खुर्ची देण्याआधी एका अनुभवी व्हीलचेअरधारकाने घरी जाऊन माप घ्यावे, खाटेची उंची आणि मोरीचा दरवाजा पाहावा. रुग्णालयाने डिस्चार्जच्या आधीच अशा माणसाची रुग्णाशी गाठ घालून द्यावी. त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन दिव्यांगांसाठी राखलेल्या ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीतून काढता येईल का, हे ग्रामसभेत विचारायला हवे. घरची पहिली भेट परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात व्हावी, कारण माकडहाडावरची पहिली जखम व्हायला काही तासही पुरतात.