पेल्याचं बूड पाहा

साल १९४३ धरा. त्र्यंबकहून सुटलेली सर्व्हिस मोटार तुमची हाडं खिळखिळी करत मोखाड्याला आणते. मोखाडा इंग्रजांचं, ठाणे जिल्ह्यातलं. पुढे जव्हारची हद्द लागली की मुकण्यांचं संस्थान, गादीवर यशवंतराव महाराज. रेल्वे नाही (आजही नाही), त्यामुळे काचसामान इथवर येतं ते पेंढ्यात गुंडाळून, खोक्यांतून, घाटाचे धक्के खात. जे फुटत नाही ते विकायचं, एवढाच हिशोब.

कटलरीच्या दुकानात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील टांगलाय. शेटजी पेंढा बाजूला सारून एक पेला पुढे करतात. "घ्या ना साहेब, हातात घेऊन तर बघा. लढाईनं विलायती माल बंद. हा फिरोजाबादचा."

तुम्ही तो उजेडापुढे धरता. केशरी. पुढे संग्राहक या रंगाला झेंडू म्हणणार आहेत. जरा तिरका केलात की डबक्यात रॉकेल सांडावं तशी जांभळी-हिरवी झाक त्यावरून सरकते. काठ जाडसर. अंगठ्याला साच्याची शिवण लागते, एका ठिकाणी बुडबुडा अडकलाय. आता पेला उलटा करा. बुडाशी साच्यातूनच इंग्रजी अक्षरं उमटली आहेत: जैन. म्हणजे फिरोजाबादचं जैन ग्लास वर्क्स. १९३५च्या सुमारापासून त्यांनी हा माल काढला, पुढे माशांच्या आणि हातांच्या आकाराच्या फुलदाण्याही.

रंग काचेच्या पोटात नाही, बरं का. साच्यातून निघालेल्या गरम काचेवर कथिल-लोखंडाच्या क्षारांचा फवारा मारतात. त्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि प्रकाश त्यावर खेळतो. १९०७च्या सुमारास अमेरिकेतल्या फेंटन कारखान्यानं ही युक्ती स्वस्तात साधली. टिफनीची महागडी काच ज्यांना परवडत नव्हती त्यांच्यासाठी. जत्रेत बक्षीस म्हणून वाटली गेली, म्हणून 'कार्निव्हल ग्लास' हे नाव, तेही फार नंतर पडलेलं.

आणखी पस्तीस वर्षं मागे चला, १९०८, तळेगाव दाभाडे. भट्टीची धग तुमच्या तोंडावर येते. फुंकनळीच्या टोकाला लालभडक गोळा, आणि तो फुंकणारा पोरगा इथे शिकायला आलाय. अंताजी दामोदर काळे या शाळामास्तरांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत गावं पालथी घातली, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि त्या पैशांतून हा पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. भट्टी सांभाळायला परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय होते. पुढे त्यांनी उत्तरेत बहजोईला कारखाना काढला. काच करायची आणि काच करणारेही तयार करायचे, असा दुहेरी बेत होता. मला विचाराल तर स्वदेशीच्या भाषणांपेक्षा या भट्टीनं जास्त काम केलं.

याच पैसा फंडाचे झाकदार पेलेही आज संग्राहकांच्या यादीत आहेत. मात्र त्यांचा शोध घेऊन लिहिलं ते इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन हौशी मंडळींनी. आपल्याकडे त्यात ताक प्यायलं गेलं, मग दात घासायचे ब्रश ठेवले गेले, आणि शेवटी माळा.

आता परत या. जव्हारच्या किंवा कुठल्याही जुन्या घराचा माळा आवरताना असा पेला निघाला, तर भंगारवाल्याला देण्याआधी बूड पाहा. अक्षरं असतील तर टिपून ठेवा. बुडावर वापराचे बारीक चरे असायला हवेत. कोरं करकरीत बूड असेल तर संशय घ्या. आणि तारेच्या घासणीनं मुळीच घासू नका. ती झाक वरवरचीच असते, एकदा गेली की पुन्हा चढत नाही.